कोणत्या गावची मंडई?

...अन् वजन काहून सांगून राहिले मले? या सोमाजीले? तुमाले सांगतो, तीस वर्सं तुमसरच्या बाजारात धानाच्या काट्यावर बसलो मी, पोतं नुसतं उचललं का किलो सांगतो! परवा दवाखान्यात नात हाती घेतली, म्हनलं, "दोन किलो तीनशे!" सिस्टरनं काट्यावर ठेवली... दोन किलो तीनशे! छाती फुगली ना बाप्पा! तं ते काय म्हनते? "आजोबा, वजन बरोबर, पन हप्ते किती?"

आता पोरीच्या वजनात हप्ते कुठून आले? तं म्हने, "पोटात किती हप्ते होती, त्यावर ठरते. कार्डावर एकोनचाळीस लिवले. त्या हिशोबानं पोरगी वाढलीच नाही. मोठ्या दवाखान्यात न्या लागन."

हप्ते दाखवनारा सोनोग्राफीचा कागद? तो आमच्या पोरानं, भूपेशनं, गाडीच्या डिक्कीत भिजवला! माही बायको पंचफुला लागली सुनेच्या मांगं, "ज्योत्सना जेवेच नाही व माय!" सुनेची माय, आमची इहीनबाई, फोनवर, "तुमीच खाऊ घातलं नसन!" अन् मी? खोटं कायले बोलू... मी बी म्हनलं, माल कमी भरला तं भरनाऱ्याचीच चूक. सून रडून राहिली. सिस्टरचं एकच, "वजन बरोबर, पन हप्ते किती?"

मंग सूनच बोलली, "हप्ते मोजले कुठून?"

सिस्टर म्हने, "शेवटची पाळी मंडईच्या दिवशी, सासूबाईनंच सांगतलं."

"अवो सिस्टर, इथली मंडई नाही! माह्या माहेरची! मी तवा तिकडंच होती!"

घ्या! दिवाळी झाली का आमच्या झाडीपट्टीत मंडईची जत्रा आज या गावची, उद्या त्या गावची, दुकानं, रातभर दंडारीचं नाटक, पाव्हने... सुनेच्या माहेरची मंडई आमच्यानंतर महिन्यानं! सिस्टरनं बोटांवर मोजलं, चार हप्ते उडाले. पस्तीस! "मंग वजन बरोबर आहे आजोबा! लवकर आली फक्त. दोन दिवस इथंच ठेवू."

खरं सांगतो, मले लाज वाटली. हलक्या जातीचा धान लवकर निघते, भारी धान उशिरा, दिवस पाहूनच माल जोखा, हे लोकाईले सांगत जन्म गेला, अन् घरच्या सुनेले एक सवाल नाही इचारला! तिची माफी मागाले तोंड उघडलं, तं पंचफुला आधीच सुरू, "मंग एवढी घाई काहून केली व हिनं?"

घ्या... वजन बरोबर, हप्ते बी बरोबर. चुकली कोन? सूनच!