पिवळं कुठून सुरू झालं

(दुबईतल्या अल कुसैसमधला एक फ्लॅट. विल्मा स्वयंपाकघरात, समोर टॅबवर मुलाचा व्हिडिओ कॉल. फ्रँक बाहेर हॉलमध्ये.)

विल्मा : कॅमेरा तिकडे वळवू नकोस म्हटलं ना! तुझं तोंड दिसू दे फक्त.

रॉबिन : मम्मी, पानं बघितल्याशिवाय कसं कळणार? टू सेकंड्स दाखवतो.

विल्मा : अर्धा सेकंदही नको. तू असशील कॅनडात, आम्ही दुबईत बसलोय.

रॉबिन : गांजाची झाडं आहेत, बॉम्ब नाहीत. आणि इथे लीगल आहे. मिसेस डॉयलकडे डॉक्टरचे पेपर्स आहेत, तिच्या सांधेदुखीसाठी...

विल्मा : अरे हळू! फोनवर तो शब्द काढू नकोस. झेंडू म्हण.

रॉबिन : झेंडू? सिरीयसली?

विल्मा : झेंडूच. आणि झाडं घरमालकिणीची ना? मग तिने बघावीत.

रॉबिन : ती हॉस्पिटलमध्ये आहे गं. हिप रिप्लेसमेंट. संडेला घरी येईल. जाताना माझा हात धरून म्हणाली, रॉबिन, लूक आफ्टर माय बेबीज. आणि आता चारही पिवळी पडलीत. फेस कसा दाखवू तिला?

विल्मा : घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! स्वतःची नोकरी, स्वतःचं जेवण, त्यात म्हातारीची झाडं. तू जेवलास का पण?

रॉबिन : मम्मी, इथे सकाळ आहे. पप्पांना विचार ना प्लीज. त्यांना कळतं झाडांतलं.

विल्मा : तूच विचार. हॉलमध्ये बसलाय. टीव्हीचा आवाज बंद करून टीव्ही बघतोय.

रॉबिन : ते बोलतात का माझ्याशी? दोन वर्षांपूर्वी माझ्या मागे एक झाड दिसलं कॅमेऱ्यात, तर कॉल कट. तेव्हापासून हॅपी बर्थडेसुद्धा तुझ्या तोंडून.

विल्मा : घाबरला रे तो. रागावला नाही, घाबरला. आणि घाबरलाय हे कबूल करायचं नाही म्हणून रागावला.

फ्रँक : पिवळं कुठून सुरू झालं, विचार त्याला.

विल्मा : ऐकलंस? आला आवाज.

रॉबिन : पप्पा...

फ्रँक : खालच्या पानांपासून की शेंड्यापासून? विल्मा, तू विचार.

विल्मा : मी काय टेलिफोन ऑपरेटर आहे? बरं. रॉबिन, पप्पा विचारतात, खालून की वरून?

रॉबिन : सगळीकडून. पण आधी टोकं जळली. पानांची टोकं आणि कडा ब्राऊन झाल्या, मग पिवळं आत आत सरकत गेलं.

विल्मा : टोकं जळली म्हणतो.

फ्रँक : ऐकू आलं मला. दिवा फार जवळ आहे का? खोलीत वाढवलीत ना ती?

रॉबिन : नाही, लाईट्स मिसेस डॉयलनेच सेट केलेत. मी हात लावला नाही.

फ्रँक : कुंडीतल्या मातीवर काय दिसतंय? बुरशी, किडे?

रॉबिन : किडे नाहीत. पांढरं पांढरं आहे. क्रस्टसारखं.

फ्रँक : पांढरं.

विल्मा : का? पांढरं वाईट का?

फ्रँक : पाण्यात काय घालतो ते विचार.

रॉबिन : काही नाही.

फ्रँक : काहीतरी घालतो.

विल्मा : रॉबिन, हे तुझं शाळेतलं तोंड आहे. काय घातलंस?

रॉबिन : तू सोमनाथ अंकलबरोबर खारा बांगडा पाठवला होतास ना.

विल्मा : हो. सात पिशव्यांत गुंडाळून. वास आला नाही ना त्यांच्या बॅगेला? मग?

रॉबिन : तो रात्री भिजत घालायचो. सकाळी ते पाणी... झाडांना.

विल्मा : खाऱ्या बांगड्याचं पाणी? अरे देवा! अरे, त्यात नुसतं मीठ!

रॉबिन : तू नाही घालायचीस? बाल्कनीतल्या अळूला? माशाचं पाणी आहे, फेकू नको, झाडाला घाल म्हणायचीस. मीच तर नेऊन ओतायचो.

विल्मा : ते ताजे मासे धुतलेलं पाणी रे! देअराच्या मासळीबाजारातून आणलेला ताजा बांगडा! खारं पाणी कोण घालतं झाडाला? वसईचा मुलगा म्हणवतोस!

रॉबिन : मी कधी होतो वसईत? मे महिन्यात पंधरा दिवस. मला काय माहीत.

विल्मा : बरं, एकदा घातलंस. बांगडे तर बारा होते.

रॉबिन : बाराच्या बारा.

विल्मा : म्हणजे रोज? अरे, पण का?

रॉबिन : मम्मी, हसू नकोस. पहिल्या दिवशी बांगडा भिजवला आणि माझ्या सगळ्या बेसमेंटभर वास सुटला. मी शिफ्टवरून आलो, दार उघडलं आणि... मला वाटलं, तू आत आहेस. जस्ट फॉर अ सेकंड. शूज काढता काढता मी मम्मी म्हणून हाक मारली. मग मी रोज भिजवायला लागलो. आणि पाणी फेकवेना.

विल्मा : (टॅबच्या काचेवर हात ठेवते.)

रॉबिन : मम्मी? फ्रीज झालं का?

विल्मा : नाही. आहे मी. इथेच आहे.

फ्रँक : सरक जरा. टॅब इकडे दे.

विल्मा : ये. हे स्टूल घे. थांब, चष्मा पूस आधी.

फ्रँक : रॉबिन.

रॉबिन : हां, पप्पा.

फ्रँक : तुझा बांगडा बंद. खलास. आता साधं पाणी घे आणि कुंडीत ओतत राहा, खालच्या भोकांतून भरपूर वाहून जाईपर्यंत. थोडं थांब, परत ओत. मीठ धुवून काढायचं. चादरीत साबण राहिला की आपण लाँड्रीत परत परत खंगाळतो, तसंच.

रॉबिन : ओके. रोज?

फ्रँक : रोज नाही! आज धू. मग माती वाळू दे. बोट घालून बघायचं, वरची माती कोरडी लागली तरच पाणी. खताचं नाव काढायचं नाही.

रॉबिन : वाचतील?

फ्रँक : मुळं सडली नसतील तर वाचतील. वसईला नानांच्या, तुझ्या आजोबांच्या पानमळ्यात एकदा खाडीचं पाणी शिरलं होतं. अख्खा मळा असाच पिवळा, कडा करपलेल्या. आम्ही भावांनी बावखलातून, वाडीतल्या तळ्यातून, गोडं पाणी उपसून घातलं. निम्मे वेल उठले. पण पिवळी झालेली पानं परत हिरवी झाली नाहीत, ती गळाली. तू शेंड्याकडे बघ. नवं पान हिरवं आलं की जिंकलास.

रॉबिन : मिसेस डॉयलला काय सांगू?

फ्रँक : खरं सांग. माशाचं पाणी घातलं म्हणून सांग. म्हातारी आहे, तिला समजेल.

विल्मा : दोन वर्षांनी तोंड उघडलं ते झेंडूसाठी. देवा, तुझी लीला.

फ्रँक : विल्मा, जरा गप्प बस. रॉबिन, एक विचारतो. तू ओढतोस का?

रॉबिन : नाही.

फ्रँक : माझ्याकडे बघून सांग.

रॉबिन : पहिल्या वर्षी दोनदा ओढली. मग नाही. आय स्वेअर, पप्पा. मला आवडलीच नाही, नुसती भूक लागते आणि मग घरचं जेवण आठवतं.

फ्रँक : हे दोन वर्षांपूर्वी का नाही सांगितलंस?

रॉबिन : तुम्ही कॉल कट केला. आणि मम्मीकडून निरोप पाठवलात, या घरात पाय ठेवू नको.

फ्रँक : मी तसं नव्हतं म्हटलं.

विल्मा : तसंच म्हटलं होतंस. मी तर दोन शब्द गाळून सांगितले त्याला.

फ्रँक : मला झोप लागत नव्हती. एअरपोर्टवर कुत्रे हुंगतात, रॉबिन. तुझ्या जॅकेटच्या खिशात एखादं वाळलेलं पान निघालं असतं तर? तीस वर्षं मी हॉटेलच्या लाँड्रीत काढली, लोकांच्या खिशांतून काय काय निघतं मी बघितलंय. तुला इथे पकडून नेलं असतं तर मी काय केलं असतं? कोणाचे पाय धरले असते?

रॉबिन : मग तेव्हाच सांगायचं ना. मला वाटलं, तुम्हाला माझी लाज वाटते.

फ्रँक : लाज कसली. गाढव.

विल्मा : हे ऐकून घे हां, याच्याकडून एवढंच मिळेल. आता मी बोलते. एप्रिलमध्ये फ्लॅट सोडायचाय, मेमध्ये पप्पांचा व्हिसा संपतो. मग कायमचं वसईला. हा इथला शेवटचा ख्रिसमस आहे, बाळा. बाथरूमच्या दारावर तुझ्या उंचीच्या रेघा आहेत, नवीन भाडेकरू येण्याआधी मालक रंग मारणार.

रॉबिन : माहितीये. मी मॅपवर रोज आपली बिल्डिंग बघतो. खालची हम्मादची ग्रोसरीसुद्धा दिसते. मम्मी, वसई तुमचं घर आहे. माझं घर म्हणजे तू आत्ता उभी आहेस ते किचन. आणि तिथे यायला मला टुरिस्ट व्हिसा लागतो. जोक आहे.

विल्मा : जोक असो नाहीतर काही असो, व्हिसा मिळतो ना?

रॉबिन : मिळतो. रजाही आहे. मी मागितली होती, मग कॅन्सल केली. पप्पा, मी येऊ?

विल्मा : फ्रँक, तो तुला विचारतोय.

फ्रँक : ऐकलं मी. म्हातारी हिंडायला लागू दे आधी, तिला एकटी टाकू नको.

रॉबिन : तिची मुलगी येतेय डिसेंबरमध्ये.

फ्रँक : मग नीट ऐक. त्या घरातलं काही आणायचं नाही. बॅग नाही, जॅकेट नाही, मोजे नाहीत. दुकानातून नवे कपडे घे आणि कुठल्यातरी मित्राकडे आंघोळ करून, तेच घालून थेट एअरपोर्टला जा. वास कपड्यात बसतो, कितीही धू. इथले कपडे मी आणून ठेवतो.

रॉबिन : आणि तुमच्यासाठी? काहीतरी आणतो ना, मेपल सिरप...

फ्रँक : काही नको. रिकामा ये.

विल्मा : ये रे. इन्शाल्ला म्हणू नकोस, नुसतं येतो म्हण.

रॉबिन : येतो, मम्मी.

फ्रँक : शर्टाचं माप काय तुझं?

रॉबिन : बेचाळीस.

फ्रँक : बेचाळीस? गेलास तेव्हा अडतीस होतं.