अकरा घरांच्या चाव्या

दत्ताराम – घर राहू दे गो. आधी गॅलरी दाखव. स्वस्तातली तिकिटं कुठे बसणार ते बघू.

नलिनी – बाबा, कागद असा ओढू नका, फाटेल. प्रिंट आहे ती. आणि चष्मा लावा.

दत्ताराम – लावतो. ह्याला वास कसला मारतोय, मुतारीसारखा?

नलिनी – अमोनियाचा. आमच्या ऑफिसातल्या सगळ्या नकाशांना येतो. माझ्या केसांनाही येतो म्हणता ना तुम्ही?

दत्ताराम – ते मी लाडानं म्हणतो. हं. हे अंड्यासारखं दिसतंय ते स्टेडियम?

नलिनी – हो. चाळीस हजार माणसं बसतील. ही सावलीची गॅलरी, ही उन्हाची. स्वस्त तिकिटं उन्हात.

दत्ताराम – बरोबर आहे. मी मिलच्या टीममधून खेळायचो तेव्हा आम्हाला बघणारे पण उन्हातच असायचे. कबड्डी कुठे?

नलिनी – ह्या हॉलमध्ये. छपराखाली.

दत्ताराम – छपराखाली कबड्डी. माझा गुडघा ह्या मुलुंडच्या दगडांवर गेला. चला, पुढच्या पोरांचे गुडघे तरी राहतील. आणि हे बाजूला एवढं काय काय काढलंय? स्टेडियम एवढंसं आणि रेघाच जास्त.

नलिनी – तेच तर खरं काम आहे. साहेब म्हणतात, स्टेडियम म्हणजे घरी येणारा पाहुणा. पाहुणा येणार म्हटलं की आपण घर आवरतो. मग हा रुंद रस्ता होतो, बस डेपो होतो, मार्केट होतं, स्टेशनपासून पूल होतो. पाण्याची मोठी लाइन येते. नुसतं वस्तीला पाणी द्या म्हटलं तर वीस वर्षं फाइल हलत नाही.

दत्ताराम – चोवीस. मी नळाचा अर्ज केला तेव्हा तू झाली पण नव्हतीस. माणसांना आलं नाय ते पाणी आता गवताला येतंय. येऊ दे. गवताच्या नशिबानं का होईना, येऊ दे. तुझी आई असती तर नाचली असती. चार हंडे भरून ती ह्या चढावरून यायची, आणि मी मेला वरून बघायचो.

नलिनी – तुम्ही सेकंड पाळीला असायचात, बाबा.

दत्ताराम – रोज नसायचो. जाऊ दे. मी वाडीत सगळ्यांना सांगितलंय हां, आमची नलू स्टेडियम काढते. सहदेव म्हणाला, अख्खं? मी म्हटलं, अख्खं.

नलिनी – मी फक्त ट्रेसिंग करते. साहेब पेन्सिलीनं काढतात, मी वरून शाईनं गिरवते.

दत्ताराम – मग शाईचंच टिकतं ना?

नलिनी – बाबा, आता घर बघा. इथे, बोटाखाली. वाडी डेपोच्या जागेत जाते, हे तर तुम्हाला ठाऊक आहेच.

दत्ताराम – ठाऊक आहे. जाऊ दे. त्या बदल्यात मागच्या इमारतीत खोली, आत नळ. मी तर सगळ्यांना म्हटलं, कोणी आडवं पडायचं नाय. हा काळा चौकोन म्हणजे आपण?

नलिनी – हो. सात नंबर.

दत्ताराम – आणि बाकीची अकरा घरं? ही नुसती ठिपक्या ठिपक्यांची का? शाई संपली?

नलिनी – शाई नाही संपली.

दत्ताराम – मग गिरवायची राहिलीत?

नलिनी – तुम्ही खाटेवर बसा आधी. काळा चौकोन म्हणजे राहतं घर. त्याला नवीन खोली. ठिपके म्हणजे बंद घर, कोणी राहत नाही. त्याला काही नाही.

दत्ताराम – कोण म्हणतो राहत नाय? शेवंतीच्या घरातून आत्ता फोडणीचा वास येतोय. राजारामचा रेडिओ ऐकू येतोय तुला?

नलिनी – येतोय. सर्व्हेवाले आले तेव्हा येत नव्हता. मार्चमध्ये आले होते ते, शिमग्याच्या आठवड्यात. तीन दिवस ओळीनं आले. तीनदा कुलूप दिसलं की ते घर रिकामं, असा त्यांचा नियम आहे. साहेबांनी वरून आलेलं रजिस्टर जसंच्या तसं नकाशावर उतरवलं. मला हा कागद शुक्रवारी टेबलावर आला. तोपर्यंत मी गॅलऱ्याच गिरवत होते.

दत्ताराम – शिमग्याला.

नलिनी – ह्या वर्षी गावच्या पालखीचा मान आपल्या वाडीचा होता. झाडून सगळे गावी गेले. मला रजा नव्हती आणि तुमचा गुडघा सुजला होता, म्हणून आपण दोघंच राहिलो.

दत्ताराम – दोन पोरगे होते. एकाकडे टेप, एकाच्या काखेत वही. टोपीवाला जरा बोलका.

नलिनी – तुम्ही भेटलात त्यांना?

दत्ताराम – तीनही दिवस. चहा दिला मी त्यांना. तू ऑफिसात होतीस.

नलिनी – मला बोलला नाहीत.

दत्ताराम – काय बोलायचं? डासांच्या औषधाला येतात, मतांच्या यादीला येतात, तसेच हे. मला वाटलं पाण्याच्या लाइनीची मोजणी असेल. नलू, अकराही घरांच्या चाव्या माझ्याकडे होत्या.

नलिनी – माहीत आहे मला. दरवर्षी जो मागे राहतो त्याच्याकडे ठेवतात.

दत्ताराम – ते तुला माहीत आहे. पुढचं नाय. तो टोपीवाला म्हणाला, काका, चाव्या आहेत ना तुमच्याकडे, मग एकेक मिनिट उघडून दाखवा. चूल, भांडी दिसली की मी लिहून टाकतो, राहतं घर.

नलिनी – मग?

दत्ताराम – मी नाय म्हटलं.

नलिनी – बाबा.

दत्ताराम – मालक गावी, घरात बायामाणसांचे कपडे, पेट्या, देव. मी परक्याला कसा आत घेऊ? आग लागली तर चावी लावायची, पाणी शिरलं तर लावायची. माझ्या बापानं गिरगावात असताना हेच केलं, मी पण तेच केलं. त्याला म्हटलं, आठ दिवसांनी ये, सगळे असतील, हवं ते बघ. तो म्हणाला, काका, आम्ही तीनच दिवस आहोत. दुसऱ्या दिवशी परत विचारलं. तिसऱ्या दिवशी हात जोडले त्यानं. भला पोरगा होता गो. आणि मी छाती काढून उभा, मोठा राखणदार.

नलिनी – पाणी आणू?

दत्ताराम – नको. मी एकेका दारात जाऊन सांगितलं त्यांना, डेपोला विरोध करू नका, खोली मिळणार. माझ्या शब्दावर गप्प बसले सगळे. आणि खोली मिळणार कोणाला, तर मला एकट्याला.

नलिनी – ऐका. रडू नका. ऐका तर. मूळ ट्रेसिंग अजून माझ्या टेबलावर आहे, पक्का नकाशा त्यावरूनच निघतो. उद्या सकाळी साहेब साइटवर जाणार. ब्लेडनं ठिपके खरवडायचे आणि अकरा चौकोन काळे करायचे, अर्ध्या तासाचं काम आहे. मी रोज चुका अशाच काढते. कोणाला कळणारसुद्धा नाही.

दत्ताराम – आणि कळलं तर?

नलिनी – तर नोकरी जाईल. दुसरी बघेन.

दत्ताराम – मिल बंद पडल्यापासून चार वर्षं तुझ्या पगारावर जेवतोय मी.

नलिनी – ते कशाला आता?

दत्ताराम – नाय, त्याच्यासाठी नाय म्हणत. नोकरी जाणार नसती तरी नाय म्हटलं असतं. साहेबानं तो कागद तुझ्या भरवशावर टेबलावर सोडलाय ना? मग झालं. मी शेवंतीचं कुलूप उघडलं नाय, आणि तू त्याचा कागद पाठीमागे खरवडणार?

नलिनी – तुमचं ते न उघडणंच आपल्याला एवढं महागात पडलंय, बाबा.

दत्ताराम – पडलंय. बोल तू, रागाव. तुला हक्क आहे.

नलिनी – मला रागवायचं नाहीये. मला तुमची काळजी वाटते. तुम्ही हे मनाला लावून घेणार आणि गुडघ्यासारखं लपवत बसणार.

दत्ताराम – दुसरा रस्ता नाय काय कुठला? सरळ?

नलिनी – आहे. हरकत घ्यायची. नकाशा लोकांना बघण्यासाठी लावलाय, म्हणूनच साहेबांनी मला ही प्रिंट घरी आणू दिली. मंगळवारपर्यंत लेखी द्यायचं, मग सुनावणी होते. पण त्यात तुमचं निवेदन लागेल. घरं राहती होती, माणसं शिमग्याला गेली होती, चाव्या माझ्याकडे होत्या आणि मीच उघडून दाखवलं नाही. असं स्पष्ट. सह्या सगळ्यांच्या.

दत्ताराम – म्हणजे सगळ्यांना सांगावं लागेल.

नलिनी – हो.

दत्ताराम – एकेकाच्या तोंडावर.

नलिनी – मी येते ना बरोबर.

दत्ताराम – लिही. अकरा घरं लिही आणि खाली माझं निवेदन.

नलिनी – बारा लिहू?

दत्ताराम – आपलं आहे की नकाशावर. काळं कुळकुळीत.

नलिनी – आहे. म्हणूनच सुनावणीत विचारतील, ह्यांचं घर मोजलं, मग हे का आलेत? फक्त अकरा असली की तुम्ही साक्षीदार. बारा लिहिली की मागणी वेगळी होते. वाडी एकत्र मोजा, नाहीतर सगळ्यांची नव्यानं मोजणी करा. मग आपलाही चौकोन पुसतील. परत चौकशी, परत टेप. आपली खोली पक्की राहत नाही.

दत्ताराम – मग बारा कशाला म्हणतेस? तुला ती खोली किती हवी होती. खिडकी कुठल्या बाजूला ते पण मला सांगितलं होतंस.

नलिनी – दुसरा मजला, पूर्वेची. बाबा, एक खरं सांगते. शुक्रवारी कागद समोर आला तेव्हा मी पहिल्यांदा आपलं घर शोधलं. काळं दिसलं आणि मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. मग बाजूला बघितलं, ठिपके दिसले, आणि तरी थोडा वेळ ते बरं वाटणं गेलं नाही. दोन दिवस मी शेवंतीकाकीच्या दारावरून मान खाली घालून गेले. आई गेल्यावर तेरा दिवस तिनं आपल्याकडे जेवण आणलं होतं.

दत्ताराम – इकडे ये. बस अशी.

नलिनी – बारा लिही म्हणा ना.

दत्ताराम – खोली तुझी जाईल. मी काय, मी उन्हात बसलेला माणूस. तुझ्यावर सोडतो.

नलिनी – मग बारा.

दत्ताराम – बारा. लिहून झालं की चप्पल घाल. मी शेवंतीपासून सुरुवात करतो. तीच सगळ्यांत फाडून बोलते. ती बोलली की बाकीचे सोपे जातील.

(शेजारच्या सहा नंबरच्या दारात.)

शेवंती – काय ओ दत्ताभाऊ, बापलेक दोघं? लग्नाचं आमंत्रण की काय? ये गो नलू. आमचे हे ड्युटीवर गेले, वॉचमनला रविवार नाय. मी आमसुलं निवडतेय.

दत्ताराम – बसत नाय. उभ्यानंच सांगतो.

शेवंती – उभ्यानं सांगायचं म्हणजे कोणी गेलं काय?

दत्ताराम – कोणी गेलं नाय. शेवंती, नव्या खोल्यांच्या यादीत तुझं घर नाय. वाडीतलं कोणाचंच नाय. माझं तेवढं आहे.

शेवंती – हे काय आता? तुम्हीच म्हणालात, प्रत्येकाला मिळणार.

दत्ताराम – शिमग्यात मोजायला आले होते. घरं बंद दिसली, म्हणून रिकामी लिहिली.

शेवंती – बंद कशी? चाव्या तुमच्याकडे होत्या ना?

दत्ताराम – होत्या. ते म्हणाले, उघडून दाखवा. मी दाखवलं नाय.

शेवंती – का?

दत्ताराम – तू घरात नव्हतीस म्हणून.

नलिनी – काकी, आपण हरकत घेतोय. मंगळवारपर्यंत वेळ आहे. मी लिहून आणलंय, बाराही घरांचं एकत्र. सही हवी फक्त. होईलच असं मी सांगत नाही, पण...

शेवंती – थांब गो जरा. दत्ताभाऊ, उघडलं असतं तर झालं असतं?

दत्ताराम – चूल दिसली की लिहिणार होते. एका मिनिटाचं काम होतं.

शेवंती – एका मिनिटाचं.

दत्ताराम – हो. तू काय बोलायचं ते बोल. मी ऐकायलाच आलोय.

शेवंती – गाडी पाचची होती. घर तसंच टाकून गेले मी. अंथरुणं लोळत होती, ह्यांची औषधाची बाटली खिडकीत, ती बाटली कसली ते वाडीला ठाऊक आहे. दोरीवर माझी फाटकी लुगडी. गाडीत बसल्यावर आठवलं, तेव्हा ह्यांना म्हटलं, शरम गेली. हे म्हणाले, चावी दत्तारामकडे आहे, गप झोप. आणि मी कणकवलीपर्यंत झोपले.

दत्ताराम – शेवंती, खोली गेली त्यात.

शेवंती – गेली असेल. भांडून आणू, नायतर नाय आणू. मला राग आलाय, नाय असं नाय. पण तुम्ही त्या परक्या पोरांना आत घेतलं असतंत, तर पुढच्या शिमग्याला मी चावी कोणाकडे ठेवायची?

(दत्ताराम दाराच्या चौकटीला टेकतो.)

शेवंती – बसा आता. दारात उभे राहू नका, गुडघा दुखतो तुमचा. नलू, आण तो कागद, आणि कुठे सही करायची ते दाखव.