पातूरच्या चिंचेवरची हाक

सांगतलं त तुमी हसान, पण सलीमले इचारा. माझ्या झाडं कापायच्या धंद्यात वीस वर्षांपासून तोच वर चढते. पातूरजवळ एका शेतातली जुनी चिंच कापून राहिलो होतो. सलीमले झाडावर ठेवून मी टेम्पोनं मशीनसाठी पेट्रोल आणाले गावात गेलो. परत आलो त भलीमोठी फांदी खाली पडलेली अन् सलीम बांधावर पांढराफटक बसलेला.

"भाऊ, बरं झालं तुमी हाक मारली. 'सलीम, खाली ये' आयकलं, उतरलो, अन् मी बसलो होतो तेच फांदी कोसळली."

"अरे, मी त पातुरात होतो!"

शेतमालकीण हळूच म्हणे, "मीबी आयकलं. आवाज तुमचाच होता."

आता मी खालून हाक मारली, की सलीम आधी माझे ओठ हालून राहिले का, ते पाहाते.