मुलगा निर्व्यसनी आहे

ज्योत्स्नाला दुसऱ्यांचं बोलणं ऐकायची खोड नव्हती. पण जळगावच्या स्टँडवर सावद्याच्या बसची वाट बघताना मागचा बाक तिच्या कानालाच लागून होता. बाकावर जीवरामआबा आणि त्यांचा मुलगा हितेंद्र.

"आबा, त्या सॉफ्टवेअरच्या पानावर माझ्याबद्दल तुम्ही काय लिहिलं?"

"तूच म्हने ना, ते सॉफ्टवेअर कोनाच्या मालकीचं नाही, कोनीबी सुधरवू शकते."

"हो. मी त्यातली पावसाच्या नोंदीची एक चूक दुरुस्त करून पाठवली. जर्मनीतल्या एक बाई ती तपासतात, पटली तर घेतात. तीन आठवडे त्यांचं उत्तर नाही."

"मंग? समोरचे तीन आठवडे गप राह्यले त मधला मानूस लागते. मी झालो मधला."

"'मुलगा निर्व्यसनी आहे, केळीचा बाग आहे, जमवून घ्यावे.' असं लिहिलंय."

"खोटं काय आहे त्याच्यात?"

"खाली गावातल्या अकरा जणांनी पसंतीचे अंगठे दिलेत."

"त्याच्यात आपले मिश्रीलालशेठबी आहे. तो मानूस उगाच कोनाले हो म्हनत नाही."

"तिथं फक्त काम बघतात, आबा. माझं पहिलंच होतं. गेलं आता."

"ते काय वाजलं?"

"त्या बाईंचं उत्तर आलं."

"वाच ना मंग."

"दुरुस्ती घेतली म्हणतात. तपासणीत बरोबर निघाली."

"पाह्य."

"पुढं विचारतात, तुम्हाला धरून हे बाकीचे बारा जण कोणतं काम करतील?"

सावद्याची बस लागली. ज्योत्स्ना जागची हलली नाही.

"लिही," आबा म्हणाले, "घरात इचारून कळवतो."