कोबा तळघरातला, झोप दुपारची

…नाई, कूलरचं नावच काढू नका, तुम्हाले सांगतो, पुसदच्या मे महिन्यात तो कूलर थंडी देते का भट्टीची वाफ देते हे त्याले स्वतःलेच ठाव नाई. चौतीस वर्षं पंचायत समितीत फायली उलटवल्या, रिटायर झालो, अन् मले काय पायजे होतं? बंगला? सोनं? दुपारची दोन घंटे झोप पायजे होती, बस.

आता आमच्या घराखाली तळघर आहे. प्लॉट उताराचा, म्हणून बांधतानीच निघालं ते. थंड असं, का पाय ठेवला की डोळे मिटाले लागतात. पण खाली जमीन काळ्या मातीची, उन्हाळ्यात भेगा अशा का चप्पल आत जाईन. मी म्हणलं, कोबा करून घेऊ, खाट टाकू, अन् दुपारची दोन घंटे झोप.

शंकरसिंग मिस्त्री आला. चाळीस वर्षांचा हात, अर्ध्या पुसदच्या फरश्या त्याच्या. गिट्टी टाकली, धुम्मसानं ठोकली, अन् मंग उभा राहून म्हणते कसा, "साहेब, ढाळ कोण्या अंगानं देऊ?" मी तोंड उघडलं, तं तेवढ्यात आमची बायको, सुहासिनी, वरून, "ढाळ दाराकडंच द्या हो दादा. मागच्या खोलीचा ढाळ उलटा झाला, तं दर महालक्ष्म्यायले घर धुतलं का मी फडकं घेऊन बसते!" आता आपल्याकडं घर म्हणजे बादल्यांनी धुवाचं अन् पाणी दारातून भायेर काढाचं, हे तं लेकराले बी समजते. शंकरसिंग म्हणे बरोबर, सुहासिनी म्हणे बरोबर, अन् मीबी मान हलवली. कायले खोटं बोलू? हलवली.

कोबा झाला, आरशावानी! दुसऱ्या दिवशी तराई सुरू, नव्या कोब्यावर पाणी माराची. शंकरसिंगनं बजावून ठेवलं होतं, "एकवीस दिवस पाणी तोडू नका साहेब, दुपारच्याले तं बिलकुलच नका तोडू, भेगा पडतीन." म्हणजे एकवीस दिवस झोप गेली. ठीक. बादली ओतली… अन् ते पाणी कसं गेलं म्हणता, शिस्तीत, एक थेंब मागं न राहता, सरळ दाराशी. अन् थांबलं. काहून थांबलं? कारण आमच्या तळघराच्या दारापुढं अकरा पायऱ्या आहेत, अन् त्या वरतं जातात. पाणी कधी पायऱ्या चढते का हो?

शंकरसिंगले बोलावलं. तो वाकून पाहून राह्यला, अन् चेहरा खुश. "ढाळ तं एक नंबर उतरला साहेब."

"अरे पण पुढं अकरा पायऱ्या आहेत ना!"

त्यानं पायऱ्यांकडं लय वेळ पाह्यलं. मंग हळूच म्हणे, "त्या मी उतरतानी पाह्यल्या होत्या, साहेब." आता बोला. वरून म्हणते, "फोडाचा असन तं फोडू. मंग आणखी एकवीस दिवस तराई." मी हातच जोडले. म्हणे, "मंग पाणी वाया नका घालवू, दाराशी जमलेलं उचला, तिकडच्या भिंतीपाशी टाका." तसंच केलं. मी टाकू, ते परत येऊ. मी टाकू, ते परत येऊ. एकवीस दिवस दुपारी दोन वाजता, रिटायर माणूस, धोतराचा काचा मारून! ऑफिसात एवढं काम केलं असतं तं बीडीओ झालो असतो.

बाविसाव्या दिवशी मी खाट उचलली. आता झोप, दोन घंटे. तं आमची सुहासिनी म्हणते, "थांबा, नव्या कोब्याले आधी हळदीकुंकू तं लागू द्या." शेजारच्या सत्यभामाबाई आल्या, मानीबाई आल्या, गल्लीतल्या साऱ्या आल्या. तिथं दाराशी पाणी होतंच, घोट्याइतकं. मानीबाई खालच्या पायरीवर टेकल्या, पाण्यात पाय सोडले अन् म्हणल्या, "आई वं… कसं गार लागून राह्यलं!" संपलं. त्या दिवसापासून रोज दुपारी बारा बाया, चोवीस पाय, मधात पापडाचं पीठ, अन् हसणं असं का वरचे पत्रे हालतात. माझी खाट खाली पोचली खरी. तिच्यावर पापड वाळतात.

सुहासिनी मातर खुश आहे, तिले एवढी हसतानी मी किती वर्षांत पाह्यलं नव्हतं. जीव भरून येते, खोटं नाई सांगत. अन् सारा गलका खाली गेला, म्हणून वर घर कसं शांत! मी म्हणलं, चला, गरम तं गरम, दुपारची दोन घंटे झोप तं भेटली. कूलरपुढं पडलो. डोळा लागला. अन् बरोब्बर दोन वाजता खालून आवाज, "अवो, आयकता का? पाणी कोमट झालं… दोन बादल्या ताजं आणून टाका!"

जातो बाप्पा. उतरतानी काय, सोपं आहे, ढाळ तिकडंच आहे.