काही नाही, गार आहेस

तापाच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर, माझ्या मागच्या बाकावर बहीणभाऊ बसले होते. दोघंही पन्नाशीला टेकलेले.

"ताई, आज मी सांगणार आहे, इंजेक्शन आता आम्हा दोघांना महिन्याऐवजी दोन महिन्यांनी द्या. वर्षभर ताप फिरकलेला नाही."

"तब्येत बघून अंतर वाढवू, असं डॉक्टरच म्हणालेत ना. मग बघू दे त्यांना."

"बाबांना तर हाच फिरून फिरून येणारा ताप होता. कुठे होतं इंजेक्शन? काढलंच ना आयुष्य."

"काढलं, सुजलेले गुडघे धरून. पण ताप आला की दुकान बंद आणि बाबा दिवसभर आपले."

"आणि आपल्यालाही नेमका तेव्हाच यायचा. तिघं एका गादीवर. आई म्हणायची, बापाच्या इस्टेटीची वाटणी चाललीय."

"कपाळाला हात लावून बघायचे, आठवतं?"

"'काही नाही, गार आहेस. जा शाळेत.'"

"स्वतःचा हात तव्यासारखा तापलेला. त्याला आपण गारच लागणार. आई बिचारी थर्मामीटर घेऊन मागे उभी."

"त्या हातामुळे मी कितीदा अर्ध्या शाळेतून घरी आलोय."

"मला तर अजून आठवतो तो हात."

"तू अशी डोळे मिटून का बसलीस? ताप नाही ना आला? बघू कपाळ."

"मला काय होतंय."

"काही नाही, गार आहेस."

"अरे, तुझा हात..."

"काय झालं गं?"

"बाबांसारखाच तापलाय. काढू नकोस, राहू दे जरा. मग आत जाऊ. आणि इंजेक्शन लांबवायचं नाव काढू नकोस."