तेहेतीस अक्षरांचा अख्खा शब्द

...मधोमध तोडायचा म्हणे! शब्द! तुम्हाला सांगतो मंडळी, बेचाळीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले मी, शिसं खाऊन खाऊन दात काळे झाले, आणि ही सोल्वेग, आमच्या गृहसंस्थेची अध्यक्षीणबाई, दालचिनीचा पाव चघळत मला सांगते, "रूनार, एवढं काय त्यात? नाही मावत तर दोन ओळी कर, मोकळा हो!" मोकळा हो! अहो, शब्द आहे का गवारीची शेंग, की घेतली आणि मोडली?

झालं होतं काय, आमच्या संस्थेला पन्नास वर्षं झाली, म्हणून सगळ्यांच्या सामायिक धुलाईखोलीला नवी पाटी. ठराव झाला, कॉफी झाली, पाटी आलीसुद्धा! निळी, चकचकीत. आणि लिहायचं काय? 'गृहसंस्थेच्या सर्व सभासदांची', एवढंच. आता हे आमच्या स्वीडिशमध्ये एकच शब्द होतो, त्याला मी काय करू? बूस्ताद्स्रेत्स्-फ्यरेनिंग्स्-मेदलेम्मार्नास! घ्या श्वास. आमच्या लिपीत तेहेतीस अक्षरं! त्यात घर आलं, हक्क आला, संस्था आली, सभासद आले, एकटादुकटा नव्हे, सगळे आले, आणि शेपटाला एक 'स', की ही खोली ह्या सगळ्यांची. केवढा कारभार तो एकटा 'स' सांभाळतो! आणि पाटीवर मावतात किती? अठरा! दाराचं माप घेतलं, शब्दाचं कोणी घेतलंच नाही! दुकानातल्या यंत्रानं अठरा मोजली आणि उरलेली ढकलली खाली. वरची ओळ संपते 'फ्यरेनि'वर, खालची सुरू होते 'ङ्ग्स'नं. ङ्ग्स! घशात काटा अडकल्यासारखं! अरे, तोडायचाच तर सांध्यावर तोडा, कोंबडीसुद्धा आपण सांध्यावरच तोडतो ना! चूक बोललो का मी?

बरं, सभेत पंचवीस माणसं. सगळ्यांना दिसतंय. बोलेल कोणी? छे! आमच्याकडे तोंडावर बोलायची पद्धतच नाही. सगळे मान हलवणार, "छान आहे, छान आहे," आणि दुसऱ्या दिवशी धुलाईखोलीच्या दारावर चिठ्ठी, 'कोणीतरी पाटी नीट वाचावी', खाली सही नाही, एक हसरा चेहरा काढलेला. हा असला हसरा चेहरा दिसला की माझं डोकंच सणकतं.

म्हणून मी उभा राहिलो. इंगालिल, म्हणजे आमची ही, कोटाची बाही ओढतेय, "बस रे, बस खाली, लोक बघतायत!" नाही बसलो! म्हटलं, "शनिवारी समारंभ आहे ना? तोवर हा शब्द एका ओळीत, अख्खा, भिंतीवर लावून दाखवतो! नाही जमलं तर माझा गुरुवार गेला!"

सभा गार पडली, मंडळी. कारण माझा गुरुवार म्हणजे... गुरुवार सकाळी दहा ते एक, धुवायची वेळ, एकतीस वर्षं माझी! ना पहाटेची थंडी, ना संध्याकाळची घाई. अशा वेळा लोक मरेपर्यंत सोडत नाहीत. तिसऱ्या मजल्यावरची ती तोवे, जुळ्यांची आई, दोन वर्षं डोळा ठेवून होती त्यावर. ती कॉफीत बघत हळूच म्हणाली, "नाही म्हणजे... मला काही घाई नाहीये." घाई नाहीये म्हणे!

आता लावू कशावर? दार तेवढंच. मग डोक्यात प्रकाश पडला. दारावर का? बाहेर चार मीटरची भिंत पडलीय की मोकळी! शब्द लांब आहे तर जागा लांब द्या! चूक बोललो का मी?

तळघरातून छपाईच्या अक्षरांचे लाकडी ठोकळे काढले, जाहिरातींचे, तळहाताएवढे. भिंतकागदाची उरलेली गुंडाळी पसरली दिवाणखान्यात, कोरी बाजू वर. शाई लावली, अक्षर ठेवलं... पण दाबायचं कशानं? छापयंत्र आणू कुठून? मी इंगालिलकडे पाहिलं. ती म्हणाली, "अजिबात नाही." मी म्हटलं, "लोकरीचे मोजे घाल." आणि चढली बिचारी ठोकळ्यावर! "चढ! उतर! इंगालिल, टाचेवर जोर दे, 'र'चं पोट कोरं राहतंय!" "माझ्या पोटाचं कोण बघतंय इथे?" 'स' एकच होता माझ्याकडे, शब्दात पाच! पाचही वेळा तोच धुऊन पुसून लावला, आणि पाचही वेळा ही त्यावर उभी. तेहेतीस वेळा चढली, तेहेतीस वेळा उतरली, सहासष्ट वेळा मला शिव्या दिल्या!

आणि शनिवारी... काय सांगू! गुंडाळी उलगडत गेली, उलगडत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठे जोड नाही, कुठे रेघ नाही! सोल्वेगनं चष्मा चढवला, शब्द एका श्वासात वाचायला घेतला, 'मेदलेम्मार्नास'ला पोचेपर्यंत लालबुंद झाली, आणि म्हणाली, "काही वाईट नाही." काही वाईट नाही! मंडळी, आमच्याकडे ह्याहून मोठी शाबासकी जन्मात मिळत नाही! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. छापखाना बंद झाल्यापासून मला कोणी विचारत नव्हतं हो... आणि पंचवीस माणसं माझं अक्षर वाचत उभी!

सोमवारी मी ऐटीत गेलो, वेळांच्या फळ्यावर माझं छोटं कुलूप गुरुवारात अडकवायला; ज्याचं कुलूप, त्याची वेळ. बघतो तर तिथे तोवेचं कुलूप! तसाच वर आलो तणतणत. इंगालिल शांतपणे बटाटे सोलत होती.

"मीच दिला."

"अगं, पण पैज मी जिंकलो!"

"म्हणूनच दिला. शब्द तुला मिळाला ना अख्खा? मग वर गुरुवारही अख्खा? दोन्ही घेतं का कोणी? लोक काय म्हणतील?"

आता रविवारी सकाळी सातला धुतो आम्ही. डोळे चोळत, कुडकुडत. आणि तुम्हीच सांगा मंडळी, चूक बोलली का ती?... नाही ना? तीच तर पंचाईत आहे!